टेकडीवरची शर्यत आणि आपली मुले

रात्री साडेअकराला वस्तीत निजानीज झालेली असते आणि हमरस्त्यावरून मोटारसायकलींचा आवाज उठतो. सायलेन्सर काढलेल्या पाच-सहा गाड्या सिग्नलपासून पुलापर्यंत सुसाट जातात. ज्या माउलीचा मुलगा अजून घरी आलेला नाही, तिच्या जिवाची घालमेल आम्ही सांगायला नको. बापाने पतपेढीचे कर्ज काढून गाडी घेऊन दिलेली असते ती पोराने कामावर वेळेवर पोचावे म्हणून, रस्त्यावर पैजा लावाव्यात म्हणून नव्हे.

आपण मुलांना रागावतो. पण नुसत्या रागावण्याने वयाची हौस जात नाही. ही हौस कुठे आणि कोणत्या नियमांत पुरी करावी, याची एक रीत आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला, सोनोमा भागातील टेकड्यांच्या उतारावर मोटार शर्यतीचे एक मैदान आहे. १९६८ साली ते सुरू झाले तेव्हा त्याचे नाव सिअर्स पॉइंट होते. आज ते सोनोमा रेसवे म्हणून ओळखले जाते. तेथील वळणावळणाचा पूर्ण मार्ग सुमारे चार किलोमीटरचा असून त्याला बारा वळणे आहेत. रस्ता टेकडीवर चढतो आणि पुन्हा खाली येतो. या चढ-उतारात सुमारे १६० फुटांचा फरक पडतो. आसपासच्या उतारांवर मेंढ्यांचे कळप चरतात. त्यामुळे गवत आपोआप आटोक्यात राहते.

याच मैदानात एक सरळ पट्टीही आहे. तिला ड्रॅग स्ट्रिप म्हणतात. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवे लागतात आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ धावायचे असते. तेथे बुधवारी संध्याकाळी सामान्य माणसांना आपली रोजची गाडी घेऊन या पट्टीवर उतरू देण्याची प्रथा आहे. आधी गाडीची तपासणी होते. तरुणांनी रस्त्यावरच्या शर्यती सोडाव्यात म्हणून त्यांची पोलिसांशीच शर्यत लावण्याचा उपक्रमही तेथे राबवला गेला. ज्याला रस्त्यावर पाहून पळायचे, त्याच्याच शेजारी उभे राहून नियमाने धावायचे!

ड्रॅग शर्यतीचे नियमही समजून घेण्याजोगे आहेत. हिरवा दिवा लागण्याआधी गाडी हलली तर लाल दिवा लागतो आणि शर्यत हातची जाते. एका प्रकारात प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधी जाहीर करायचे असते. समजा, एकाने सोळा सेकंद सांगितले आणि दुसऱ्याने तेरा. मग सोळावाल्याला तीन सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो. त्यामुळे जुनी, साधी गाडीही महागड्या गाडीला हरवू शकते. मात्र मुद्दाम जास्त वेळ सांगून त्याहून लवकर पोचणारा सहसा बाद होतो. येथे फुशारकी चालत नाही आणि लबाडीही चालत नाही. आपल्या गाडीची खरी ताकद ज्याला ठाऊक, तोच जिंकतो.

या खेळातले अँट्रॉन ब्राउन यांचे नाव आपल्या मुलांना माहीत असावे. ते कृष्णवर्णीय. त्यांचे वडील आणि चुलतेही ड्रॅग शर्यतीत उतरत. ब्राउन यांनी आधी मोटारसायकलवर नाव कमावले, मग सर्वांत वेगवान ‘टॉप फ्युएल’ गटात आले. २००९ साली डेन्व्हर, सिअ‍ॅटल आणि सोनोमा या लागोपाठच्या तिन्ही स्पर्धा त्यांनी जिंकल्या. २०१२ साली ते या गटाचे पहिले कृष्णवर्णीय राष्ट्रीय विजेते ठरले. त्यांची गाडी ताशी ४८० किलोमीटरच्या पुढे जाते आणि थांबवायला पॅराशूट लागते. पण अंगात आग न लागणारा पोशाख आणि डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय ते गाडीत बसत नाहीत.

आणि आपला मुलगा? ताशी ८० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर अचानक माणूस आला, तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच हे अंतर कापलेले असते. शर्यतीच्या पट्टीवर समोरून कोणी येत नाही. आपल्या रस्त्यावर मात्र रात्रपाळीहून परतणारा कामगार असतो, हातगाडीवाला असतो.

कायदाही पालकांनी जाणून घ्यावा. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे; गाडीची नोंदणीही बारा महिने रद्द होते. बापाची कित्येक महिन्यांची मिळकत एका रात्रीत जाते, आणि जीव गेला तर तो कशानेच भरून येत नाही.

आपल्या देशातही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे शर्यतीचा ट्रॅक आहे. प्रत्येकाला तेथे जाणे परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून मुलाशी आजच बोला. त्याला इंजिनाची आवड असेल तर आयटीआयमध्ये घाला, गॅरेजमध्ये हात काळे करू द्या. अठरा पुरी होईपर्यंत चावी आपल्याजवळ ठेवा. हेल्मेटला पैसे लागतात खरे, पण ते आधी घ्या, मग गाडी घ्या.

वेगाशी आमचे वैर नाही. आपली मुले पुढे जावीत हीच आमची इच्छा. फक्त रात्री सगळी घरी यावीत.