शाळा खिशात आली, पण कोणाच्या?

मोबाइलवरून शिकवणं म्हणजे नेमकं काय, हे नेटवर चक्क फुकटात शिकता येतं. कुठे क्लिक करायचं आणि कशाला लांबूनच टाटा करायचा, एवढं कळलं की झालं!

‘एम-लर्निंग’ हा शब्द तुमच्या ऑफिसात एव्हाना चहाच्या मशीनपर्यंत पोचला असेल. एचआरवाले कंपल्सरी ट्रेनिंगची लिंक फोनवर पाठवतात आणि आपण ती लोकलमध्ये उभ्या उभ्या उरकून टाकतो, ते एम-लर्निंग. शेजारची चिंगी मोबाइलवर बोट फिरवत पाढे म्हणते, ते एम-लर्निंग. आणि वीकेण्डला एनजीओत जाणारा तुमचा मित्र ‘यार, गावाकडच्या मुलांसाठी एक अ‍ॅप काढू या का?’ म्हणतो, तो तर या फंड्याच्या आकंठ प्रेमात असतो. मोबाइलवर शिकणारे ढिगाने आहेत. मोबाइलवर कसं शिकवायचं, ते कधी जमतं आणि कधी गंडतं, हे समजून घेतलेले मात्र शोधून काढावे लागतात.

माझी एक मैत्रीण पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सीएसआर टीममध्ये आहे. टीमकडे ग्रामीण शाळांसाठी वर्षभराचं बजेट होतं आणि बॉसच्या डोक्यात एकच आयडिया फिट बसली होती. पाचवी ते सातवीच्या मुलांना टॅब वाटायचे, विषय संपला! प्रेझेंटेशनला उरले होते तीन आठवडे. ती मला म्हणाली, ‘तू पत्रकार आहेस, शोधाशोध तुझा धंदाच. हे खरंच चालतं का गं? एकदा पैसे गेले की वर्षभर त्या शाळांना दुसरं काही मिळणार नाही.’

मग काय, आम्ही दोघी लागलो कामाला. रोज अर्धा-पाऊण तास, बहुतेक वेळा बसमध्ये नाहीतर जेवणानंतर. पदरचा एक रुपया गेला नाही. त्यातलं जे कामाचं निघालं, ते तुमच्यासाठी.

आधी बेसिक पक्कं करा

गुगलबाबाला नुसतं ‘मोबाइल लर्निंग’ विचारलंत, तर अ‍ॅप आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची भाऊगर्दी होते. प्रत्येकाचं प्रॉडक्ट जगात भारी. ते सगळं ओलांडा आणि सरळ युनेस्कोची डिजिटल लायब्ररी गाठा. तिचं नाव युनेस्डॉक. तिथे ‘पॉलिसी गाइडलाइन्स फॉर मोबाइल लर्निंग’ ही २०१३ सालची पुस्तिका आहे. लेखक मार्क वेस्ट आणि स्टीव्हन व्होस्लू. एका रविवार दुपारचं काम. मोबाइलमुळे शिक्षणात काय काय होऊ शकतं आणि त्यासाठी सरकारांनी काय करावं, हे सोप्या इंग्रजीत सांगितलंय. शिक्षकांना आधी ट्रेनिंग द्या, मुली मागे पडणार नाहीत याची काळजी घ्या, शाळांमध्ये फोनवर सरसकट बंदी घालू नका, असा एकूण सूर.

हे व्होस्लू नुसते कागदावरचे पंडित नव्हेत. २००९ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेत ‘कॉन्टॅक्स’ नावाची टीनएजर्ससाठीची गोष्ट इंग्रजी आणि इसिखोसा भाषेत थेट मोबाइलवर आणली होती. स्मार्टफोन दुर्मीळ होते तेव्हाची ही गोष्ट. मुलं साध्या फोनच्या इवल्याशा स्क्रीनवर ती वाचायची आणि कमेंटही टाकायची. सही ना?

थोडं खोलात शिरायचंय? कॅनडाच्या अथाबास्का युनिव्हर्सिटी प्रेसने २००९ मध्ये मोहम्मद अ‍ॅली यांनी संपादित केलेलं ‘मोबाइल लर्निंग’ हे जाडजूड पुस्तक काढलं. अख्खं पुस्तक मोफत डाउनलोड करता येतं. सगळं वाचायची गरज नाही, आपल्याला हवी ती प्रकरणं उचलायची. कॅनडातच मुख्यालय असलेल्या कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग या संस्थेनेही २०१४ मध्ये ‘इन्क्रीझिंग अ‍ॅक्सेस थ्रू मोबाइल लर्निंग’ हे पुस्तक असंच खुलं केलं. आपल्यासारख्या देशांचा विचार त्यात जास्त सापडतो.

आणि एक नाव लक्षात ठेवा, माइक शार्पल्स. ब्रिटनमधले या विषयातले बापमाणूस. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला मुद्दा साधा आहे, पण डोक्यात बसतो. इथे ‘मोबाइल’ असतो तो शिकणारा माणूस. तो घरून शाळेत जातो, शाळेतून शेतावर, शेतावरून बाजारात, आणि त्याचं शिकणं त्याच्याबरोबर फिरत असतं. फोन त्या प्रवासातला सोबती. हे वाचल्यावर मैत्रिणीने प्रेझेंटेशनमधली ‘टॅबची फीचर्स’ ही स्लाइड तिथल्या तिथे उडवली!

देशी माल, एकदम झकास

परदेशी पीडीएफ वाचून डोळे दुखले असतील, तर आता आपल्याकडे या. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे पोर्टल जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. कोर्सला नाव नोंदवणं आणि शिकणं फुकट, सर्टिफिकेटसाठी परीक्षा द्यायची असेल तरच फी. तिथे ‘एज्युकेशनल टेक्नॉलॉजी’ असं सर्च करा. आयआयटी मुंबईत तर या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या सहना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी ऑनलाइन कोर्स कसा डिझाइन करावा, यावरच कोर्स तयार केले आहेत. व्हिडिओ दाखवून पळ काढायचा नाही, मध्ये थांबायचं, मुलांना काहीतरी करायला लावायचं, त्यांच्यात चर्चा घडवायची, ही त्यांची पद्धत. कोर्स बाराही महिने चालू नसतात, तेव्हा सेमिस्टरच्या तारखा आधी बघून ठेवा.

सिद्धान्त पुरे, प्रॅक्टिकल बघायचंय? मग फोनवर ‘दीक्षा’ उघडा. सप्टेंबर २०१७ मध्ये, शिक्षक दिनाला हा प्लॅटफॉर्म सुरू झाला. मराठीतले धडे आहेत, डाउनलोड करून नेट नसतानाही बघता येतात. बालभारतीच्या साइटवरून पाठ्यपुस्तकाची पीडीएफ घ्या, धड्याजवळचा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पाचवीतल्या मुलाच्या नजरेने ते बघा. काय आवडतं, कुठे कंटाळा येतो, फाइल उघडायला किती वेळ लागतो, हे वहीत टिपा. कुठल्याही रिपोर्टपेक्षा हा अर्धा तास जास्त शिकवून जातो.

पुस्तकातल्या या काळ्या-पांढऱ्या चौकोनांमागे एका मराठी गुरुजींची कहाणी आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडायला सुरुवात केली. पुढे राज्याने ती कल्पना उचलली. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलर्सचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ फायनलिस्टमध्ये वाटून टाकली. त्यांच्या मुलाखती आणि भाषणं नेटवर भरपूर आहेत. ती ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. आयडिया वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाची होती, टेक्नॉलॉजी तिच्या मागून आली.

जे फसलं, ते आधी वाचा

इथपर्यंत आमचा मूड मस्त होता. तिसऱ्या आठवड्यात आम्ही फसलेले प्रयोग वाचायला घेतले आणि हवा जरा टाइट झाली.

‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ आठवतं? एमआयटी मीडिया लॅबच्या निकोलस निग्रोपॉन्टे यांचं ते शंभर डॉलरच्या लॅपटॉपचं स्वप्न. २००७ मध्ये ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आपल्या कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेतही आले होते. सगळ्यात मोठा डाव मांडला तो पेरू देशाने. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी तिथल्या ३१९ शाळा तपासून २०१२ मध्ये निकाल जाहीर केला. मुलांच्या हातात लॅपटॉप आले, त्यांचा वापर वाढला, विचार करण्याच्या काही सर्वसाधारण कौशल्यांतही थोडा फरक दिसला. पण गणित आणि भाषेचे मार्क जिथल्या तिथे!

युनेस्कोच्याच २०२३ च्या ग्लोबल एज्युकेशन मॉनिटरिंग रिपोर्टमध्ये पेरूचं हे उदाहरण येतं. दहा लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले, शिकवण्याच्या पद्धतीत ते बसवले नाहीत आणि शिकणं सुधारलं नाही. रिपोर्टचा विषयच आहे, शिक्षणातलं तंत्रज्ञान, पण कोणाच्या अटींवर? २०१३ ची पुस्तिका आणि हा रिपोर्ट लागोपाठ वाचा. दहा वर्षांत त्याच संस्थेचा उत्साह किती सावध झाला, ते स्पष्ट दिसतं.

आता उलट उदाहरण. २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद पडल्या तेव्हा आफ्रिकेतल्या बोत्स्वानामध्ये नोम अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी सुमारे साडेचार हजार कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. काही घरांना आठवड्याला गणिताचा एसएमएस. काही घरांना एसएमएस आणि वर शिक्षकाचा साधा फोन, पंधरा-वीस मिनिटांचा, पालक आणि मूल दोघांशी. नुसत्या एसएमएसने फारसं काही हललं नाही. फोन आला त्या घरातल्या मुलांचं गणित मात्र सुधारलं. हा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’मध्ये छापून आला. नंतर असाच प्रयोग भारतासह पाच देशांत झाला आणि तिथेही रिझल्ट चांगले आले. ना अ‍ॅप, ना टॅब. साधा कॉल, बॉस! असे पुरावे एका जागी वाचायचे असतील तर ‘एडटेक हब’ची साइट बुकमार्क करून ठेवा.

फोन कोणाच्या हातात?

शेवटचा स्टॉप ‘असर’. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने निघणारा हा रिपोर्ट साइटवर कोणालाही वाचता येतो. २०२३ च्या ‘असर’ने ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना फोनबद्दल विचारलं. जवळपास ९० टक्के जणांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता. वा! पण पुढची ओळ वाचा. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेली मुलं ४३.७ टक्के आणि मुली फक्त १९.८ टक्के. म्हणजे घरात फोन आहे, पण तिच्या हातात नाही.

त्याच्या शेजारी युनेस्कोचा २०१४ चा ‘रीडिंग इन द मोबाइल एरा’ ठेवून बघा. भारत, पाकिस्तान आणि आफ्रिकेतले काही देश घेऊन केलेला अभ्यास. मोबाइलवर वाचणाऱ्यांत पुरुष संख्येने खूप जास्त. पण ज्या बायकांपर्यंत हे वाचन पोचलं, त्या पुरुषांच्या जवळपास सहापट वेळ वाचत होत्या. भूक कोणाला जास्त आणि ताट कोणापुढे, कळलं ना?

मैत्रिणीने लगेच त्या शाळांमधल्या शिक्षकांना चार प्रश्न पाठवले. घरी फोन आहे का? दिवसा कोणाकडे असतो? रात्री कोणाकडे? रिचार्ज कोण करतं? उत्तरं जवळपास सारखीच आली. फोन सकाळी बाबांबरोबर शेतावर नाहीतर एमआयडीसीत जातो, रात्री परत येतो आणि मग दादाच्या हातात. बहिणीचा नंबर लागलाच, तर बॅटरी संपताना.

प्रेझेंटेशनमध्ये तिने नवा हिशोब मांडला. टॅब थोडेच घ्यायचे आणि शाळेतच ठेवायचे, म्हणजे मुलींनाही ते हमखास मिळतील. उरलेले पैसे शिक्षकांच्या ट्रेनिंगला आणि संध्याकाळच्या कॉलिंगला. शिक्षकाने रात्री आठनंतर, बाबा घरी आल्यावर फोन करायचा आणि थेट मुलाशी किंवा मुलीशी गणितं बोलायची. बॉसचा पहिला प्रश्न होता, ‘मग आपण फोटो कशाचा काढायचा?’ खोलीत शांतता. बरीच घासाघीस झाली, आणि अखेर काही शाळांमध्ये एका सत्रापुरता प्रयोग करायला होकार मिळाला. सत्र चालू आहे. निकाल हातात यायचाय, आणि पुढच्या वर्षीचं बजेट त्यावरच ठरणार आहे.

तुमचा तीन आठवड्यांचा प्लॅन

- पहिला आठवडा: युनेस्कोची २०१३ ची पुस्तिका आणि अथाबास्काच्या पुस्तकातली आवडतील ती दोन प्रकरणं.
- दुसरा आठवडा: ‘दीक्षा’वर रोज एक धडा, विद्यार्थी होऊन. ‘स्वयम्’वर एखाद्या कोर्सला नाव नोंदवा.
- तिसरा आठवडा: पेरू, बोत्स्वाना आणि ‘असर’. वेळ कमी असेल तर थेट इथूनच सुरू करा.
- मुलांना मराठीत वाचायला द्यायचंय? प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत आहेत, आणि खुल्या लायसन्समुळे वाटायलाही परवानगी आहे.
- कुठल्याही रिपोर्टमध्ये आधी दोन गोष्टी बघा. पैसे कोणी दिले, आणि ‘किती डाउनलोड’ याऐवजी ‘मुलं किती शिकली’ हे मोजलंय का?

आणि तुमच्या त्या मित्राच्या डोक्यात अजूनही अ‍ॅपचं वेड असेल, तर त्याला हिरमुसू देऊ नका. फक्त लॅपटॉप उघडण्याआधी त्याला एकदा गावातल्या घरी पाठवा, संध्याकाळी सातच्या सुमारास. फोन कुठे आहे आणि तो कोणाच्या हातात आहे, एवढंच बघून यायला सांगा.