थायरॉईडची शस्त्रक्रिया : घरी परतल्यानंतरची काळजी

थायरॉईड ग्रंथी काढल्यानंतर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जाऊ शकतात. त्यापुढील बरे होणे घरीच घडते. म्हणून निरोप देताना आम्ही नातेवाइकांनाही जवळ बसवून दोन गोष्टी समजावतो : एक पहिल्या काही दिवसांची, दुसरी आयुष्यभराची.

थायरॉईडच्या पाठीमागे बहुधा चार इवल्याशा पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्या रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. संपूर्ण थायरॉईड काढताना त्यांचे कार्य काही काळ मंदावू शकते. मग साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हातापायांत पेटके येतात. हा अशक्तपणा समजून स्वस्थ न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. गळ्याची सूज झपाट्याने वाढली किंवा श्वास घेणे जड झाले, तर क्षणाचाही विलंब न करता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आवाज काही दिवस घोगरा राहू शकतो. तो सुधारत नसल्यास दाखवावे. जखमेवर हळद वा राख लावू नये. डॉक्टर परवानगी देईपर्यंत पाण्याचे हंडे आणि चाऱ्याचे भारे उचलू नयेत.

संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांना थायरॉक्सिनची गोळी कायम घ्यावी लागते. अर्धी काढलेल्यांची गरज तपासणीवरून ठरते. शरीरातील हे औषध निम्मे होण्यास सुमारे 7 दिवस लागतात. त्यामुळे गोळी चुकली तरी लगेच काही जाणवत नाही, आणि याच भ्रमात ती बंद पडते. काही आठवड्यांनी थकवा, सुस्ती, सूज दिसू लागते. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यावी. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. सुमारे सहा आठवड्यांनी रक्ताची टीएसएच तपासणी करून मात्रा ठरवतात. गर्भधारणा झाल्यास त्वरित कळवावे. मात्रा बहुधा वाढवावी लागते.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात. पहाटेच फडावर जाणाऱ्या भगिनीची गोळी प्रथम चुकते. अशा कुटुंबांनी निघण्यापूर्वीच पुरेशा गोळ्या व तपासणीची तारीख घ्यावी. कोपीत गोळ्या ऊन व ओल यांपासून जपाव्यात.

शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच येतो, गोळी मात्र रोजची असते. देणगीदारांनी आपले साहाय्य त्या रोजच्या गोळीपर्यंतही पोहोचवावे, ही आमची नम्र विनंती.