शंभर फुटांच्या आत

सकाळी ६.४५

टाउन हॉलच्या तळघरातलं ऑफिस. खिडकी एकच, तीही जमिनीलगत. गाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं, बॉस्टनच्या पश्चिमेला. एप्रिल २०२५ चा शेवटचा बुधवार, पण हवेत अजून गारठा आहे. एजंटबाई गाडीत सामान भरतायत, आज दिवसभर मी त्यांच्यासोबत. शंभर फुटी टेप. गमबूट. निळ्या फितीचं रीळ. माती काढायचं गिरमिट, हाताने फिरवायचं. आणि एक जाड वही. तिच्या पानापानावर मातीच्या रंगांचे छोटे चौकोन चिकटवलेत. मुन्सेलचं पुस्तक म्हणतात याला. किंमत दोनशे डॉलरच्या वर, त्यामुळे ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुढच्या सीटवर.

पँटवर कालच औषध मारून ती वाळवली आहे. पायचे मोज्यांत खोचलेत. इथल्या गोचिडी लाइमचा आजार देतात आणि बाईंना तो एकदा होऊन गेलाय.

या राज्यात ३५१ गावं आणि शहरं. प्रत्येकात एक कॉन्झर्व्हेशन कमिशन असतं. सदस्य तीन ते सात, सगळे गावातलेच, बिनपगारी. पाणथळीत किंवा तिच्या काठापासून शंभर फुटांच्या आत काही बांधायचं, खणायचं, झाडं तोडायची, तर आधी यांच्यापुढे यावं लागतं. १९६० च्या दशकात पाणथळींसाठी असे कायदे करणारं मॅसॅच्युसेट्स हे देशातलं पहिलं राज्य. निर्णय कमिशनचा. जाऊन बघायचं काम एजंटचं. बाईंची नोकरी आठवड्याला बत्तीस तासांची, तासाला ३७ डॉलर.

७.२०

पहिला थांबा एका नव्या घराच्या जागेवर. परवानगी मिळाली आहे, पण पाया खणण्याआधी एजंटची पाहणी ही त्या परवानगीतलीच अट. उताराच्या खाली मेपलची ओली दलदल. उतार आणि दलदल यांच्या मधे जाळीत भरलेल्या पेंढ्याचा लांब लोळ टाकलाय. इथं त्याला वॉटल म्हणतात. पावसात सुटलेली माती त्याने अडवायची.

बाई वाकून लोळाखाली हात घालतात. मनगटापर्यंत आत जातो.

"हात जातोय म्हणजे पाणीही जाणार."

वॉटल नुसता टाकून चालत नाही. दोन-तीन इंच चर खणून त्यात बसवायचा, खुंट्या ठोकायच्या, वरच्या बाजूने माती दाबायची. ठेकेदार घड्याळ बघतो. पोकलेन भाड्याचं आहे, चालो न चालो, मीटर पळतोय. दोन ब्राझिली मुलं फावडी घेऊन कामाला लागतात. तासाला २५ डॉलर, एकाने सांगितलं. न बोलता चर पाडत जातात, एक पुढे, एक मागे. मुळं लागली की कुदळ.

पाटीही लावलेली नाही. राज्याने दिलेला फाइल नंबर रस्त्यावरून दिसेल असा लावायचा, पाटी दोन ते तीन चौरस फुटांची. ठेकेदार ट्रकमधून प्लायवूडचा तुकडा आणि स्प्रेचा डबा काढतो. आकडे वाकडेतिकडे येतात, पण वाचता येतात. सव्वाआठला पोकलेन सुरू होतं.

९.३०

हे घर मराठी माणसाचं आहे. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, सून दवाखान्यात. आईबाबा सांगली जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी आलेत. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, जिना चढवत नाही. म्हणून तळमजल्यावर मागच्या अंगाला एक खोली आणि न्हाणीघर काढायचंय. चौदा बाय अठरा. मागचं अंगण उतरत जातं आणि खाली पाणथळ आहे.

अर्जाची सरकारी फी ११० डॉलर. त्यातले ४२.५० राज्याला, ६७.५० गावाला. खरा खर्च दुसरीकडे. मोजणीदार आणि पाणथळीचा तज्ज्ञ मिळून साडेतीन हजार झाले, मुलगा सांगतो. तज्ज्ञाने पाणथळीची कड ठरवून झुडपांना निळ्या फिती बांधल्यात, प्रत्येकीवर नंबर, ए-१ पासून ए-१४ पर्यंत. ती कड बरोबर आहे का, हे आज बघायचं. खोली किती फुटांवर येते, ते सगळं या फितींवरून ठरणार.

बाई आधी झाडं बघतात. लाल मेपल, उंच ब्लूबेरी, आणि जमिनीतून वर आलेली स्कंक कॅबेजची रुंद हिरवी पानं. पान चुरगाळलं की घाण वास येतो. ही ओल्यातली झाडं. पण ए-६ पासून ए-८ पर्यंत ती फितीच्या वर, हिरवळीच्या कडेपर्यंत चढलेली दिसतात. बाई फितीपासून नऊ फूट वर जातात आणि गिरमिट लावतात.

दोन्ही हातांनी मूठ धरून फिरवायचं. अंगाचा भार द्यायचा. दगड लागला की काढून हातभर बाजूला पुन्हा सुरू. इथल्या जमिनीत दगड फार, हिमनद्यांनी आणून टाकलेले. चौथ्या वेळी गिरमिट नीट उतरतं. काढलेली माती बाई ताडपत्रीवर ओळीने मांडतात, जशी वर आली तशीच. वरची आठ इंच काळी. खाली राखाडी, आणि त्या राखाडीत गंजासारखे तांबडे ठिपके.

बाबा इतका वेळ स्वेटर आणि मफलर घालून ओट्यावर उभे होते. आता खाली येतात. बसतात, ढेकूळ उचलतात, बोटांत चुरतात.

"हे चिबड हाय," ते मला म्हणतात. "आमच्या मळ्याच्या खालच्या अंगाला असंच झालंय. उसाला पाणी जास्त झालं आन् निचरा न्हाई. वरनं बघितलं तर चांगलं दिसतं."

मी ते एजंटबाईंना सांगते. त्या पुस्तक उघडून बाबांच्या हातात देतात आणि ढेकूळ चौकोनांशेजारी धरायला लावतात. पाणी साचून राहिलं की मातीत हवा उरत नाही. मग मातीतल्या लोखंडाचा तांबूसपणा विरघळून जातो आणि माती राखाडी पडते. मुळाच्या कडेने थोडी हवा शिरते तेवढ्या जागी गंज धरतो, तेच ते ठिपके. म्हणजे आज वरून कोरडं दिसलं तरी इथं वर्षातला बराच काळ पाणी असतं. बाबा एक चौकोन सोडून दुसऱ्यावर येतात, पुन्हा पहिल्यावर जातात. मग बोट ठेवतात. बाई वाकून बघतात आणि तोच आकडा वहीत लिहितात.

आणखी तीन फूट वर पुन्हा गिरमिट. यावेळी माती खालपर्यंत तपकिरी. कड या दोन खड्ड्यांच्या मधे. हिशेबाला बाई खालचा, नऊ फुटांचा खड्डा धरतात.

नऊ फूट. कागदावर खोलीचा कोपरा ५४ फुटांवर होता, तो ४५ वर आला. राज्याचा कायदा शंभर फुटांच्या आत बांधकामाला सरसकट मनाई करत नाही, तपासून अटी घालतो. पण या गावाचा स्वतःचा नियम जास्त कडक आहे: पन्नासच्या आत नवं बांधकाम नाही.

मुलगा गप्प होतो. "पाच फुटांसाठी?" तो मला मराठीत विचारतो. मला त्याचं वाईट वाटतं. पण ती माती मी पाहिली आहे, आणि त्याच्या बाबांनीही.

दुपारी १२.१५

गाडीतच जेवण. सँडविच, सफरचंद. जेवता जेवता तीन फोन. एकाला अंगणातला ओक तोडायचाय, तो पाणथळीपासून किती लांब आहे हे त्याला माहीत नाही. "आधी टेप लावा, मग करवत." मग मैलांची वही भरायची. बाई स्वतःची गाडी वापरतात म्हणून गाव मैलाला ७० सेंट देतं. सकाळपासून अकरा मैल. सात डॉलर सत्तर.

१.००

गावच्या मालकीचं जंगल. पायवाट दलदलीशी येते आणि तिथून दोन-दोन फळ्या टाकलेला जुना साकव सुरू होतो. फळ्या कुजल्यात. एका जागी पाय ठेवला की पाणी वर येतं. साकवाच्या जागी पाच फूट रुंद लाकडी मार्ग करायचाय, २४० फूट लांब, चाकाची खुर्ची जाईल असा.

गावच्या राखीव जमिनीवरची, शंभर फुटांच्या पट्ट्यातली तीन फुटांहून कमी रुंद कच्ची पायवाट असती, तर ते किरकोळ काम धरलं असतं. हा मार्ग रुंद आहे आणि थेट दलदलीवरून जातो. त्यामुळे गावालाही आपल्याच कमिशनपुढे अर्ज करावा लागला. फी तेवढी माफ.

पार्क खात्याचे दोघं लोखंडी सळी घेऊन आलेत. ती पीटमध्ये दाबायची आणि घट्ट जमीन कुठे लागते ते बघायचं. पीट म्हणजे पुरता न कुजता साठत गेलेला काळा पालापाचोळा. पहिल्या जागी चार फूट. तिसऱ्या जागी सात फूट, आणि सळी ओढून काढायला दोघं लागतात. इथं काँक्रीट ओतायचं नाही. स्क्रूसारखी पाती असलेले लोखंडी खांब फिरवत घट्ट जमिनीपर्यंत उतरवायचे, हातात धरायच्या यंत्राने. पोकलेन आणलं तर ते बुडेल आणि दलदलीचंही वाटोळं होईल.

मग फळ्यांमधल्या फटीवरून चर्चा. खालच्या झाडांना ऊन मिळावं म्हणून फट मोठी हवी. पण अर्ध्या इंचाच्या वर गेली की खुर्चीचं पुढचं चाक अडकतं. म्हणून फट लहान ठेवायची आणि मार्गच उंच करायचा, म्हणजे कडेने ऊन शिरेल. तीस इंचांच्या वर गेलं तर कठडा लागतो, त्याचे पैसे वेगळे. बराच वेळ टेप वरखाली होते. शेवटी २८ इंचांवर थांबतात. मला हा अर्धा तास दिवसातला सगळ्यात मोलाचा वाटला. खुर्चीवरचा माणूस आणि खालचं नेचं, दोघांसाठी इंचाइंचाने भांडणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

मार्गाच्या वळणाशी एक डबकं आहे. बर्फ वितळला की भरतं, उन्हाळ्यात आटतं. आटतं म्हणून त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून पिवळ्या ठिपक्यांचे सॅलमँडर इथं अंडी घालतात. मार्च-एप्रिलच्या पहिल्या उबदार पावसाच्या रात्री ते जंगलातून चालत येतात. बाई गमबुटांनी हळूहळू आत जातात, चिखल ढवळू देत नाहीत. बुडालेल्या काटकीला मुठीएवढा पारदर्शक गोळा चिकटलाय, आत काळे ठिपके. काही गोळे हिरवट दिसतात. अंड्यांच्या आतच शेवाळ वाढतं. बाई मोजत जातात, मी वहीत रेघा मारते. एकतीस गोळे.

"मार्च ते जुलै इथं काम बंद," त्या पार्कवाल्यांना सांगतात. पार्कवाला मान हलवतो. त्यालाही कोरड्यातच काम सोपं.

३.४०

ऑफिस. अहवाल, फोटो, नकाशावर नवी कड. मग पोस्टाच्या हिरव्या पोचपावत्या तपासायच्या. अर्जदाराने आजूबाजूच्या मालकांना पत्र पाठवलं, याचा त्या पुरावा. मराठी कुटुंबाच्या अकरा हव्यात, अकरा आहेत. प्रत्येक पत्राला पोस्टेज सोडून नऊएक डॉलर.

संध्याकाळी ७.००

सुनावणी. सात सदस्यांपैकी पाच हजर, चार असले तरी चालतं. निवृत्त शिक्षिका, प्लंबर, भूगर्भशास्त्र शिकलेला एक, बागवाली, आणि नुकतंच बाळ झालेली वकील, ती स्क्रीनवर. काहींच्या पुढ्यात घरून आणलेला डबा.

लाकडी मार्गावर तासभर जातो. शेजारचा एक जण म्हणतो, लोक रस्त्यावर गाड्या लावतील. अध्यक्षा शांतपणे सांगतात की गाड्यांचा विषय या टेबलावरचा नाही, इथं पाणी, माती आणि त्यातले जीव. प्लंबर हिवाळ्याचं विचारतो. बर्फावर मीठ टाकणार का? टाकलं तर सगळं डबक्यात. अट लिहिली जाते: मीठ नाही. लाकूड कापायचं ते शंभर फुटांच्या बाहेर, खाली ताडपत्री पसरून, भुसा गोळा करून. बागवालीला वळणाशी रुंदी कमी हवी आहे. बाकीचे म्हणतात, तिथंच खुर्ची वळवायला जागा लागते. एकेकाचं नाव घेऊन मत. चार विरुद्ध एक, मंजूर.

मग खोलीचा अर्ज. तज्ज्ञ स्क्रीनवर आहे. फोटो बघून तो नवी कड मान्य करतो. कुरकुर नाही, हे मला आवडलं. शिक्षिका विचारते, खोली कोणासाठी? मुलगा सांगतो. ती म्हणते, मग जागा शोधू या.

बाबांना इंग्रजी फारसं कळत नाही, पण नकाशा कळतो. ते मुलाच्या बाहीला धरून बोट दाखवतात. "गाडी लावतो त्या अंगाला घे की. तिकडं चढ हाय, माती तांबडी हाय." मुलगा ते इंग्रजीत सांगतो. एजंट कोणाच्या घराचं डिझाइन करत नाही. बाई फक्त पट्टी ठेवून अंतर वाचतात: ७१ फूट.

सुनावणी १४ मे पर्यंत पुढे ढकलली.

रात्री ९.४०

खुर्च्या रचल्या जातात. लाकडी मार्गाचा आदेश बाईंना एकवीस दिवसांत लिहून द्यायचा आहे. मग कामाचे दहा दिवस अपिलासाठी. मग जमीन नोंदणी कचेरीत नोंद, तिथले १०५ डॉलर. त्यानंतर काम, तेही डबकं आटल्यावर.

पार्किंगमध्ये मुलगा तज्ज्ञाला मेसेज टाकतोय. सुधारित नकाशा पुढच्या बुधवारी दुपारी बारापर्यंत पोचायला हवा. बाबांना वेगळीच काळजी.

"ताई, ती अकरा पत्रं परत धाडायची का? पुन्हा खर्च?"

मी एजंटबाईंना विचारते. त्या गाडीचं दार उघडता उघडता सांगतात, नाही. सुनावणीतच पुढची तारीख जाहीर झाली की पत्रं लागत नाहीत.

"मग बरं," बाबा म्हणतात, आणि मुलाला सांगतात, की उद्या सकाळी त्या चढावरची माती आपणच आधी खणून बघू.