तपासणीपुरती शहाणी मोटार

शाळेची तपासणी जवळ आली की काय घडते, हे शिक्षकांना सांगायला नको. फळ्याला नवा रंग लागतो, तक्ते भिंतीवर चढतात, टाचणवह्या पूर्ण होतात आणि एरवी शेवटच्या बाकावर दंगा करणारी मुलेही हाताची घडी घालून बसतात. तपासणी अधिकाऱ्यांना जे दिसते ते खोटे नसते, पण ते त्या दिवसापुरते असते. शाळा वर्षभर कशी चालते, हे त्यावरून कळेलच असे नाही.

विज्ञानातील बहुतेक मोजमापांत ही अडचण येत नाही. चंचुपात्रातील पाण्यात तापमापी बुडवली, तर 'आज आपली तपासणी आहे' हे पाण्याला कळत नाही. पण ज्या वस्तूचे मोजमाप करायचे तिच्यातच संगणक बसवला असेल आणि परीक्षेची वेळ ओळखायला त्याला शिकवले असेल, तर काय होईल? २०१५ साली जगाला याचे उत्तर मिळाले. फोक्सवॅगन या नामवंत जर्मन मोटार कंपनीने मान्य केले, की जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख डिझेल मोटारींमध्ये अशा प्रकारचे सॉफ्टवेअर आहे. या घटनेचा एक धागा आपल्या पुणे जिल्ह्यापर्यंत येतो.

नाव कसे झाले?

'फोक्सवॅगन' या जर्मन शब्दाचा अर्थ लोकांची गाडी. कंपनीची स्थापना १९३७ साली नाझी राजवटीत झाली. गाडीचा आराखडा फर्डिनांड पोर्शे यांचा होता. कामगारांनी दर आठवड्याला तिकिटे विकत घेऊन पुस्तिकेत चिकटवायची आणि पुस्तिका भरल्या की गाडी मिळवायची, अशी योजना होती. तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले, पण १९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि कारखाना लष्करी वाहने बनवू लागला. तेथे सुमारे २०,००० लोकांकडून सक्तीने काम करून घेण्यात आले. पैसे भरलेल्यांपैकी एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही.

युद्धानंतर हा मोडकळीला आलेला कारखाना ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात आला. मेजर आयव्हन हर्स्ट या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १९४५ च्या डिसेंबरात मोटारींचे नियमित उत्पादन सुरू झाले. पाठीमागे इंजिन असलेली, हवेने थंड होणारी, भुंग्यासारख्या आकाराची ही 'बीटल' मोटार साधी, टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपी होती. १९७२ साली तिने फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' मोटारीचा उत्पादनाचा विक्रम मोडला. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल तयार झाली, तोपर्यंत एकूण संख्या २ कोटी १५ लाखांच्या वर गेली होती.

१९६० साली अमेरिकेत या मोटारीची एक जाहिरात गाजली. डॅशबोर्डच्या कप्प्यावरील पट्टीला किरकोळ डाग असल्यामुळे निरीक्षकाने अख्खी गाडी नापास केली, असे तीत सांगितले होते. 'जर्मन मोटार म्हणजे काटेकोर तपासणी' हे समीकरण लोकांच्या मनात रुजण्यास अशा गोष्टींचा मोठा हातभार लागला.

महाराष्ट्रातही हे नाव पोहोचले. याच समूहातील स्कोडा कंपनीचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे २००१ साली सुरू झाला, आणि २००९ साली पुण्याजवळ चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला.

डिझेल इंजिनाचा पेच

आता थोडे रसायनशास्त्र पाहू. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला इतके दाबतो की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. इंधनाच्या मानाने हवा भरपूर असते. त्यामुळे डिझेल गाडी कमी इंधनात जास्त अंतर जाते.

पण हवेचा चार-पंचमांश भाग नायट्रोजनचा असतो. एरवी हा वायू आळशी आहे, तो सहजासहजी कोणाशी संयोग पावत नाही. ज्वालेचे तापमान मात्र २००० अंशांच्या घरात गेले, की नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होते. बाहेर पडल्यावर त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड बनते. या वायूने श्वासनलिकांचा दाह होतो आणि दम्याचा त्रास बळावतो. सूर्यप्रकाशात इतर प्रदूषकांबरोबर त्याच्यापासून जमिनीलगतचा ओझोनही तयार होतो. मुलांची फुप्फुसे वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून त्यांना धोका अधिक.

पेट्रोल गाडीच्या धुरातील ही ऑक्साइडे नळकांड्यातील उत्प्रेरक मोडून टाकतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक असल्यामुळे तो उत्प्रेरक येथे निरुपयोगी ठरतो. मग तीन मार्ग उरतात. पहिला, थोडा धूर पुन्हा सिलिंडरमध्ये सोडून ज्वालेचे तापमान उतरवणे. यात काजळी वाढते. दुसरा, ऑक्साइडे एका सापळ्यात धरून ठेवून अधूनमधून जास्तीचे इंधन सोडून तो साफ करणे. यात इंधन खर्च होते. तिसरा, धुरात युरियाचे द्रावण फवारून ऑक्साइडांचे पुन्हा नायट्रोजनमध्ये रूपांतर करणे. यासाठी वेगळी टाकी लागते आणि गाडी महाग होते. म्हणजे हवा स्वच्छ ठेवायची, तर इंधन, देखभाल किंवा किंमत यांपैकी कशावर तरी पाणी सोडावे लागते.

हे पाणी फक्त परीक्षेच्या दिवशी सोडले तर?

रोलरवरची परीक्षा

मोटारीचा धूर मोजण्याची रूढ पद्धत अशी. प्रयोगशाळेत गाडीची चाके मोठ्या रोलरवर ठेवतात. चाके फिरतात, पण गाडी जागेवरच राहते. चालकाने ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवायचा, स्थिर ठेवायचा, कमी करायचा. भारतात बीएस-४ मानकाच्या काळात वापरली जाणारी ही परीक्षा सुमारे २० मिनिटांची होती आणि तीत कमाल वेग ताशी ९० किलोमीटर होता. धुराचे नमुने गोळा करून दर किलोमीटरला किती ग्रॅम प्रदूषक बाहेर पडले ते काढतात. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची बीएस-४ मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती.

वेळापत्रक ठरलेले का? कारण त्याशिवाय तुलना करता येत नाही. एक गाडी घाटात आणि दुसरी सपाटीवर तपासली, तर निष्कर्षाला अर्थ राहणार नाही. परिस्थिती तीच ठेवून प्रयोग पुन्हा करता यावा, हा प्रयोगशास्त्राचा पहिला धडा आहे. पण जी परीक्षा दर वेळी सारखीच असते, ती ओळखताही येते. रोलरवरील गाडीची चाके फिरतात, पण सुकाणू वळत नाही. वेगाचा आलेख तर आधीच ठाऊक असतो. मोटारीतील संगणकाला एवढ्या खुणा पुरेशा होत्या. खुणा जुळल्या, की इंजिन सभ्यपणे चाले. गाडी रस्त्यावर आली, की धूर स्वच्छ करणारी व्यवस्था ढिली पडे.

रस्त्यावरची परीक्षा

ही गोष्ट उघडकीस आणली ती अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील एका छोट्या गटाने. डॅन कार्डर यांच्या या गटात मूळचे चेन्नईचे अरविंद तिरुवेंगडम हेही होते. त्यांनी धूर मोजणारी उपकरणे मोटारीच्या मागच्या भागात बसवली आणि गाड्या सरळ रस्त्यावर काढल्या. अमेरिकेतील नियम कडक असल्यामुळे तेथील डिझेल गाड्या स्वच्छ आढळतील, अशीच अपेक्षा होती. तीन गाड्यांपैकी एक बरीचशी मर्यादेत राहिली. फोक्सवॅगनच्या दोन गाड्यांपैकी एक मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि दुसरी ५ ते २० पट नायट्रोजन ऑक्साइडे सोडत होती. याच दोन गाड्या प्रयोगशाळेत मात्र उत्तीर्ण झाल्या होत्या.

हा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. शासकीय यंत्रणांनी पाठपुरावा केला आणि १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस बजावली. पाच दिवसांत कंपनीच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४३० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

पुण्यातील तपासणी

यानंतर भारत सरकारने पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, या संस्थेला तपासणी करण्यास सांगितले. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था कोथरूडला वेताळ टेकडीच्या परिसरात आहे. तेथील अभियंत्यांनीही प्रयोगशाळेतील आणि रस्त्यावरील धूर ताडून पाहिला आणि दोन्हींत फरक आढळला. १ डिसेंबर २०१५ रोजी कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी या तिन्ही नावांच्या मिळून ३,२३,७०० मोटारी सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. आपण भारतातील नियम मोडलेला नाही, अशी कंपनीची भूमिका होती. भारतात तेव्हा रस्त्यावरील धुराची वेगळी मर्यादाच नव्हती.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये कंपनीला ५०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि मे २०१९ मध्ये न्यायालयाने सक्तीच्या वसुलीला स्थगिती दिली.

एवढ्या गाड्यांनी फरक तो काय पडणार, असे वाटेल. मुलांना हे गणित घालून पाहा. समजा ३,२३,७०० गाड्यांपैकी प्रत्येक गाडी रोज ३० किलोमीटर धावते आणि मर्यादेच्या दुप्पट, म्हणजे किलोमीटरला ०.२५ ग्रॅम जादा ऑक्साइडे सोडते. तर रोजची जादा भर किती? उत्तर सुमारे २.४ टन येते. हा वायू डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही.

धडा काय?

मर्यादा अधिक कडक करणे हा एक उपाय होता आणि तो झालाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकात डिझेल मोटारींची मर्यादा ०.२५ वरून ०.०८ ग्रॅमवर आली. पण परीक्षा ओळखता येत असेल, तर नुसती मर्यादा उतरवून भागत नाही. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून भारतात नव्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरील परीक्षाही द्यावी लागते. रस्त्यावर रहदारी, चढउतार, हवामान दर वेळी वेगळे असते, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळत नाहीत आणि मर्यादेत काही सूट ठेवावी लागते. येथे काटेकोरपणा थोडा कमी झाला, पण मोजमाप वास्तवाच्या जवळ आले. प्रयोगशाळा आणि रस्ता, दोन्ही हवेत. एक तुलनेसाठी आणि दुसरी सत्यासाठी.

रस्त्यावर आधीच धावणाऱ्या गाड्यांचे काय? नवघर रस्त्यावर शाळा सुटण्याच्या वेळी पाच मिनिटे उभे राहिलात, तर रिक्षा, टेम्पो, बस आणि मोटारी यांच्या धुरातून मुले वाट काढताना दिसतील. या गाड्यांकडे पीयूसी प्रमाणपत्र असते. पण या तपासणीत डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा तेवढा मोजतात, आणि पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने. दोन्ही वेळा गाडी जागेवर उभी असते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा रकाना त्यात नसतोच. प्रमाणपत्र खोटे नसते, पण ते काय सांगते आणि काय सांगत नाही, हे वाचता आले पाहिजे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. मधल्या सुट्टीनंतर शाळेतील पाण्याचे किती नळ गळते राहिले, हे दोन आठवडे मोजा. पहिला आठवडा कोणाला न सांगता, दुसरा 'नोंद ठेवणार आहोत' असे फळ्यावर लिहून. कोणाचेही नाव लिहू नका, फक्त संख्या लिहा. दोन्ही आठवड्यांची सरासरी काढा आणि मुलांनाच विचारा : आपल्या शाळेचा खरा आकडा कोणता? नंतर घरच्या वाहनाचे पीयूसी प्रमाणपत्र आणून त्यात काय मोजले आहे, याची यादी करायला सांगा.

एका कारखान्याने अर्धशतक खपून मिळवलेले नाव फार मोठे होते. म्हणून अनेकांना गाडी तपासण्याची गरजच वाटली नाही. विद्यापीठातील त्या गटाने मात्र नावाकडे न पाहता उपकरण लावले आणि आलेला आकडा अपेक्षेविरुद्ध असूनही तो लपवला नाही. विज्ञान शिकवताना मुलांच्या हाती द्यायची सवय हीच आहे.