रिपोर्ट कोणाच्या फोनवर?

अंगणवाडीचं दार आतून लागतं का, हे मराठवाड्यातल्या तपासणी शिबिरात आम्ही सगळ्यात आधी पाहतो. कडी नसेल, तर गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर तपासायला कुणी आत येत नाही.

२०१६ पासून सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ‘व्हीआयए’ ठरलेली आहे. पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का पाहायचं. लाइट गेली की आशाताई टॉर्च धरून उभी. उत्तर तिथल्या तिथं मिळतं, हा या तपासणीचा मोठा गुण. पण टेबलापर्यंत येणार कोण? ‘‘मला काही त्रासच नाही, मग कशाला?’’ हे प्रत्येक गावात ऐकू येतं. हा आजार सुरुवातीला त्रास देत नाही, म्हणूनच तर तपासायचं.

धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ मध्ये सुरू झालेला अभ्यास जगभर गाजला. ५२ गावगट, १,३१,७४६ बायका. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्या एचपीव्हीच्या एकदाच केलेल्या तपासणीनं आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली आणि बाईनं स्वतः नमुना घेतला तरी चालेल, असंही सांगितलं. त्या शिफारशीमागे आमच्या गावांतल्या बायका आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

स्वतः नमुना घ्यायचा ब्रश आम्ही पहिल्यांदा दाखवला, तेव्हा एक सासूबाई तो घेऊन आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. ‘‘एवढंच? मग इतकी वर्षं टेबलावर का झोपवत होता?’’ असं विचारून त्या घरी गेल्या आणि दोन्ही सुनांना घेऊन आल्या.

खरी अडचण पुढे येते. हा नमुना लॅबमध्ये जातो, रिपोर्ट नंतर येतो. रजिस्टरमध्ये बाईच्या नावापुढे मोबाइल नंबर असतो नवऱ्याचा, नाहीतर पोराचा. एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. तो सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातोही. पण हे सगळं समजावायच्या आधी ‘तुमच्या मिसेस पॉझिटिव्ह आहेत’ एवढंच नवऱ्याच्या कानावर पडलं, तर त्या घरात काय होईल? एका आशाताईंनी आम्हाला ठणकावलं, ‘‘फोन करायचा नाही. मी बीपी बघायला म्हणून जाते अन् तिला एकटीला सांगते.’’

तेव्हापासून ब्रश हातात देतानाच आम्ही विचारतो, निरोप कुठं देऊ? एकीनं सांगितलं, ‘‘बाजाराच्या दिवशी, बांगड्यांच्या दुकानात.’’ रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं. अशा नोंदीसाठी छापील रकाना हवा, असं माझं ठाम मत आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत दसऱ्याच्या तोंडावर शिबिर घेऊन उपयोग नाही. रिपोर्ट येईपर्यंत ती बाई कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात पोहोचलेली असते. म्हणून तिथं पोळ्याच्या आधीच नमुने घ्यायचे; म्हणजे रिपोर्ट, पुढची तपासणी आणि गरज पडली तर उपचार, सगळं गाव सोडण्याआधी होतं.