भरल्या घागरीत पाणी

मी डॉक्टर नाही. तरी गेली काही वर्षे दीर्घकालीन थकव्याच्या विकारावरील शोधनिबंध वाचतो आहे. निमित्त झाले एका परिचित बाईंच्या उशाशी मांडलेल्या बाटल्यांचे : मॅग्नेशियम, बी-कॉम्प्लेक्स, कार्निटिन, को-एन्झाइम क्यू-१०. त्यांनी विचारले, “यातलं नेमकं काय घेऊ?”

‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ म्हणजे रोजचा शीण नव्हे. थकवा महिनोन्‌महिने टिकतो, झोपेने उतरत नाही. जराशा श्रमाने, कधी दुसऱ्या दिवशी, माणूस अंथरुणाला खिळतो. हा गंभीर शारीरिक आजार असल्याचे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये स्पष्ट केले. पण तो बरा करणारे औषध अजून नाही. ती रिकामी जागा बाटल्यांनी भरून निघते.

पुरावा काय सांगतो? १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ३२ रुग्णांवरील प्रयोग छापून आला. मॅग्नेशियमची इंजेक्शने घेतलेल्या १५ जणांपैकी १२ जणांना बरे वाटले. नुसत्या पाण्याची घेतलेल्या १७ पैकी तिघांना. आशा वाढली, पण या रुग्णांत मॅग्नेशियम कमी असते, हे पुढच्या तपासण्यांत दिसले नाही. २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये ५३ रुग्णांवर अनेक पोषकद्रव्यांच्या मिश्रणाचा प्रयोग झाला. दहा आठवड्यांनंतर खरे मिश्रण आणि खोटे मिश्रण यांत फरक आढळला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०२१ची मार्गदर्शिकाही सरसकट पूरके घ्यावीत असे म्हणत नाही.

‘फायदा नाही, तर तोटा तरी काय?’ हा युक्तिवाद मात्र फसवा आहे. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास नसांना इजा होऊन हातपाय बधिर होतात. जास्तीच्या ‘ड’ जीवनसत्त्वाने रक्तातले कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडे दुखावतात. आपल्याकडे साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक सांगितलेली असते. ती रोज घेतली की घोटाळा होतो. मॅग्नेशियमने जुलाब लागतात. केसांसाठी घेतलेले बायोटिन थायरॉइडच्या चाचणीचे आकडेच बिघडवू शकते. म्हणजे थकव्याचे खरे कारण शोधण्याची वाटच चुकते.

मग सारे व्यर्थ? तसे नाही. पुण्यातील डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आढळले. अशी उणीव स्वतःच थकवा आणते, आणि ती भरून काढणे हा खरा उपचार आहे. घराबाहेर न पडणाऱ्या रुग्णाला ‘ड’ कमी पडू शकते. रिकामी घागर भरावी. भरल्या घागरीत ओतलेले पाणी मात्र नुसते वाहून जात नाही, कधी घरही भिजवते.

बाईंना मी एवढेच म्हणालो, “आधी तपासणी करा, आणि जाताना सगळ्या बाटल्या डॉक्टरांना दाखवायला न्या.” त्या म्हणाल्या, “गोळ्या बंद केल्या तर घरचे म्हणतील, आजार खोटाच होता.” तसे कोणी म्हणू नये, यासाठीच हे लिहिले. गोळीचा गुण नसणे म्हणजे दुखणे नसणे नव्हे.