बंद पडलेला गेम आणि अनोळखी एपीके

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटच्या बाजारातून घेतलेला फोन असो की ऑनलाइन मागवलेला, प्ले स्टोअरवरून काढलेला गेम त्यात हवा असेल तर बाहेरची एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, शोधण्यावाचून बहुतेकदा गत्यंतर नसते. खरी मेख इथेच आहे. अँड्रॉइडमधल्या प्रत्येक ॲपवर निर्मात्याची डिजिटल सही असते. फोनमधल्या ॲपवर वेगळ्या सहीचा अपडेट टाकायला गेलात तर फोन नकार देतो. पण मूळ गेम फोनमध्ये नसेल तर सही ताडायची कशाशी? २०१४ च्या फेब्रुवारीत ‘फ्लॅपी बर्ड’ त्याच्या निर्मात्यानेच मागे घेतला आणि नकलांचे पीक आले. सायबरसुरक्षा कंपनी मॅकॅफीने तपासलेल्या ३०० नकलांपैकी सुमारे ७९ टक्के घातक निघाल्या. पक्षी उडवायच्या खेळाला एसएमएस वाचायची परवानगी कशाला हवी? ओटीपी तिथेच येतो.

‘कंपनी विकतच नाही, मग नुकसान कुणाचे?’ हा प्रश्न अगदीच पोकळ नाही. जुने गेम जपले पाहिजेतच. पण विक्री थांबली म्हणून मालकी संपत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ प्रोग्रॅमची राखीव प्रत ठेवू देते, तीही ज्याच्याकडे तो रीतसर आहे त्यालाच. परक्याने वाटलेली फाइल त्यात बसत नाही. २ सप्टेंबर २०२० च्या ११८ ॲपच्या बंदीत सापडलेल्या ‘पब्जी मोबाइल’ला तर ही सबबही लागू नाही. तो बंद पडलेला नव्हता, सरकारने अडवलेला होता.